चक्की चालू असताना

दळणं सातपर्यंत येतात.
डब्यांवर खडूने नावं: काळमेघ, उईके, मास्तरीणबाई,
एकावर नुसतंच 'लवकर'.
पट्टा फिरायला लागला
की माझाच आवाज मला ऐकू येत नाही,
म्हणून त्याच वेळी मी प्रार्थना करते, मोठ्याने,
डोळे उघडे ठेवून.
मिटले तर पट्ट्यात पदर जातो.

बोर्डिंगात शिकवलेली प्रार्थना.
हे स्वर्गीय पित्या, आम्ही तुझ्या चरणी लीन होऊन...
रिबेकाबाई ओठांकडे बघत राहायच्या.
'मले' म्हटलं की पट्टी.
'मला' म्हण, दीना, 'मला'.
देवापुढे नखं कापून जावं,
वेणी घालून,
आणि शुद्ध.

चाळीस वर्षं मी त्याच्याशी
इस्त्रीच्या साडीत बोलत आले.
एलिया गेला तेव्हा तर देवळात उभी राहून
इतकं नीट बोलले
की पाळकसाहेबांनी मान हलवली.
घरी येऊन मी भांडी घासली,
राखेनं, दोनदा.

काल उईकेंची ज्वारी अर्धी झाली आणि लाइन गेली.
पट्टा दोन-तीन वेढे फिरून थांबला.
गाव एकदम जवळ आलं:
कुणाची तरी बकरी,
दारव्ह्याच्या रस्त्यावर ट्रॅक्टर,
आणि माझ्या तोंडातली ओळ,
'तुझ्या इच्छेप्रमाणे' इथे अडकलेली.
पहिल्यांदाच मी ती ऐकली.
परक्या गावची बाई
दारात उभी राहून पत्ता विचारते, तशी.

लाज वाटली.
अंधारात गरम पिठाचा वास,
दगडाला हात लावला तर ताप भरल्यासारखा.
पोत्यावर बसले
आणि निघालंच तोंडातून:

काहून गा बापा, कुठी हायेस तू?
मले करमत नाई.
गुडघा दुखते. पोरगा फोन करत नाई.
एलियाची लय याद येते,
त्याच्या खोकल्याची बी.
तुले काही सांगाचं म्हटलं
तं पयले शब्द धुवा लागते.
आज नाई धुतले.

उत्तर आलं नाही.
पण कुणी पट्टीही मारली नाही.
अंधार मात्र असा सरकला जरासा,
बाकावर कुणी जागा करून द्यावी तसा,
किंवा मला वाटलं.

उईकेंचा पोरगा टॉर्च घेऊन दारात.
"कोनाशी बोलून रायली व मावशी?"
"घरच्या मानसाशी," म्हटलं.
त्याने आत टॉर्च फिरवला. पोती, डबे, मी.
माझ्या भुवयांवरचं पीठ बघून हसला.

लाइन साडेआठला आली.
उरलेली ज्वारी जरा जाडच निघाली.