किरकोळ खर्च

महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आम्ही जमतो
जुन्या शुक्रवारीत, हकीमुद्दीनभाईंच्या हार्डवेअरच्या माडीवर.
खाली खिळे किलोवर विकले जातात,
वर आम्ही शतकांचा भाव करतो.

मंडळाचे सभासद एकोणीस,
वर्गणी भरणारे अकरा,
जिना चढू शकणारे सहा.
मी खजिनदार. इतिहास मला फारसा कळत नाही,
पावत्या कळतात.

आजचा विषय क्रमांक एक : विहीर.
उत्तरवार सरांना मोडीतल्या एका फाटक्या टाचणात सापडलेली.
"कोष्ट्यांच्या वस्तीच्या उत्तरेस, चिंचेखाली, पायऱ्या बावीस."
चिंच कोणालाच आठवत नाही.
सर म्हणाले, भोसल्यांच्या वेळची.
मरकाम दर सभेत एकच वाक्य बोलतात, बँकेतून निवृत्त झाल्यापासून.
आजचं वाक्य :
"त्याच्या आधीही इथं लोक पाणी पीत होते, सर."
मी ते इतिवृत्तात घेतलं.
सरांनी खोडलं.
मी पुन्हा घेतलं.

मग निघालो. मे महिना, खिशात कांदा, डोक्याला दुपट्टा.
पुढे सोनकुसरे. सत्तावीस वर्षं घरोघरचे मीटर वाचले त्यांनी,
कोणत्या जिन्याखाली काय झाकलंय
हे त्यांना नकाशाहून जास्त ठाऊक.
तरी टायरवाल्याकडे नव्हती.
शाळेमागची निघाली नुसती टाकी.
खेर्डेबाई बोळ मोजत होत्या,
एका बकरीनं टेपचं टोक चावून नेलं
आणि साधारण दीड फूट इतिहास कायमचा कमी झाला.

शेवटी धकात्यांची चक्की.
भिंतीवर पिठाची साय, ओळीत डबे,
बल्बभोवतीसुद्धा पांढरं.
सरांनी टाचण काढलं, घसा साफ केला.
धकाते डब्यावर खडूनं नाव लिहीत होता,
वर न बघता म्हणाला,
"उभेच त हाये तुमी तिच्यावर."

त्यानं खटका पाडला.
चक्की लगेच थांबत नाही.
आधी घरघर, मग पट्ट्याचा फटका, फटका,
मग बराच वेळ काही नाही असं वाटत असताना
आणखी एक फटका.
मग खरंच काही नाही.

सहा म्हातारी माणसं गुडघ्यांवर,
फरशीला कान लावून.
दळणाला आलेली एक पोरगी म्हणाली,
"आजोबा, काही पडलं का तुमचं?"

पाणी ऐकलं असं मी म्हणणार नाही.
माझंच रक्त असेल, बीपीची गोळी विसरलेलं.
पण त्या उन्हात
कान गार झाला, तेवढं खरं.

"बुजवली नाही," धकाते सांगत होता,
"माह्या आजानं झाकली फक्त.
बुजवाले दगुड परवडला नाही त्याले."
हकीमुद्दीनभाईंनी बोटानं फरशी वाजवली,
गिऱ्हाईक लोखंड वाजवून बघतं तशी.
मरकामांनी चपला केव्हा काढल्या
ते कोणी पाहिलं नाही.

इतिवृत्त :
विहीर असल्याचा निर्णायक पुरावा मिळाला नाही.
सूचक, उत्तरवार.
अनुमोदकाची जागा अजून कोरी आहे.

खर्च :
ऑटो, जाऊन-येऊन, एकशे साठ.
तर्री-पोहे सहा प्लेट. सरांना तर्री जास्त, तिचे पैसे लागले नाहीत.
टेप नवीन, नग एक.
ज्वारीचं पीठ, दोन किलो,
कारण चालती चक्की थांबवून
रिकाम्या हातानं निघणं बरं दिसेना.
लेखापरीक्षक विचारतील, इतिहास मंडळाला पीठ कशाला?
मी लिहिलं : किरकोळ.

पीठ कोणी न्यायचं यावर चर्चा झाली नाही,
पिशवी माझ्या हातात होती.
बायको भाकरी थापत होती,
थांबली, म्हणाली,
असे काय परातीजवळ कान घेऊन बसलात?

थाप, म्हटलं.
अजून एक थाप.