पंखा

धनकवडीत, शेवटच्या स्टॉपच्या मागे,
जिन्याखाली इंदुबाई शेलारांची इस्त्री.
माझ्या टॅबवर प्रश्न सातवा:
तीन महिन्यांनी भाव किती टक्के चढतील?

"टक्के तुमचे तुम्ही काढा.
शर्टाचे आठ घेते, दसऱ्यापासून नऊ.
कोळसेवाला सांगूनच गेलाय."
मी मनात भागाकार केला. साडेबारा.

ऑफिसात देवस्थळी सर म्हणाले,
फार टोकाची उत्तरं मॉडेल छाटतं,
तरी थोडी झिरपतातच:
लोक उद्याला जितके भितात
तितका आजच महाग होतो,
असं एक समीकरणच आहे.
मग पडद्यावर त्यांनी पंखा उघडला,
मधली घडी गडद लाल,
पुढच्या दिवाळीकडे जाता जाता
दोन्ही कडा फिकट, फिकट.
"बँकेला एवढंच बघायचं असतं, तापलंय किती.
मग पाव टक्का इकडे की तिकडे."

पाव टक्का म्हणजे माझ्या आंबेगावच्या फ्लॅटचे
महिना चारशे.
हे मी बोलले नाही.

दसरा उलटल्यावर गेले. शर्टाचे आठच.
"समोर विजेची इस्त्री घेऊन एक जण बसलाय ना,
साताने करतोय मेला."
फॉर्मात कारणाला रकाना नाही.

"बरं, आता पुढचे तीन महिने?"
त्यांनी निखारे हलवले,
इस्त्रीच्या तळाजवळ हात नेला, टेकवला नाही,
जरा थांबल्या.
"एवढी पँट होऊ दे," म्हणाल्या, "मग सांगते."