माईल अठ्ठावन्न

आधी मागचं झाकण. माझं नख मोडलं,
तेव्हा ओसिप पलंगावरून म्हणाला, खाली दाब, मग सरकव.
एकतीस वर्षं रुळांच्या बोल्टांशी झटलेला माणूस,
आता त्याच्याच खुब्यात स्टीलचा सांधा,
आणि मला झाकण उघडायला शिकवतोय.

आत खोकं बसतं. दोन मिळतात, लावायचं एकच.
काळ्यात साधे सेल, पिवळ्यात पुन्हा भरता येणारे.
उलटापालट करून चार्जरला लावलंस तर फुटतील.
फुटतील म्हणजे?
म्हणजे तू, मी आणि पडदे.
असंच बोलतो हा. लग्नात पाद्र्यासमोरही असंच बोलला होता.

चार सेल. एकाचं डोकं वर, शेजारच्याचं खाली,
बाकावर भांडून पाठ फिरवलेली पोरं जशी.
आकडे उजळले, लगेच विझले.
बाहेर उणे चौतीस, सेल सकाळपासून गाडीतच होते.
मग स्वेटरच्या आत, काखेत धरले,
आणि एका हाताने बीट धूत राहिले.

अँटेना बसवायची, पाव वळसा, खट्.
नंतर नुसती खरखर, जणू तव्यावर कुणी वाळू परततंय.
त्यासाठी वेगळं बटण आहे.
खरखर थांबेल तिथंच हात थांबवायचा,
केसभर पुढे गेलं की लांबची माणसंही गप्प होतात.
(विनिपेगच्या भावाशी बोलताना मी नेहमी केसभर पुढे जाते.)

आकडे ओसिपला पाठ. एकशे एकसष्ट, टिंब, चार, एक, पाच.
माझा वाढदिवस विचारा, फेब्रुवारी की मार्च म्हणेल.

मग यंत्र स्वतःच फिरू लागलं, दारोदार.
बर्फ ढकलणारा गार्थ कॉफीला शिव्या देत होता. त्याला वगळला.
अग्निशमनवाले. तिथं माझं बोट अडलं.
आमचं कोठार जळलं तेव्हा त्यांनी गावाचं नाव दोनदा चुकीचं घेतलं होतं.
त्यांनाही वगळलं. ओसिपने पाहिलं, बोलला नाही.

रात्री दोन वाजून दहा. खिडकीची काच थरथरली,
आणि रुळांकडेच्या पेटीतली ती बाई बोलली,
माणूस नसलेली, कधी न थकणारी:
माईल अठ्ठावन्न. दोष नाही. एकूण आस, चारशे अकरा.

ओसिप कोपरावर उठून बसला.
अकरा?
अकराच म्हणाली.
विषम कसे असतील, तेक्ला? डब्याला चार, इंजिनाला सहा,
जोडीशिवाय आस असतो का कुठं?
तिला एक दिसलाच नाही. बर्फ बसलंय तिच्या डोळ्यावर.
नोकरीत असताना हिवाळ्यात स्वतः जाऊन पुसायचा तो डोळा,
आणि तिला शुभरात्री म्हणायचा, हे मला आत्ता कळलं.

फोन मीच लावला. पलीकडचा तरुण हसला,
चारशेत एक म्हणजे काय मोठंसं, बाई?
ओसिपने हात पुढे केला, मी फोन दिला नाही.
म्हटलं, ज्या डब्याची धुरी तापलेली असेल
तोच नेमका तिला दिसला नाही तर?
तो गप्प. मग म्हणाला, सकाळी लायलला पाठवतो.

लायल पॅरेंटो आला, झाडू घेऊन,
जाताना दारात बूट आपटून सांगून गेला,
चांगला वीतभर थर होता.

दुसऱ्या रात्री बॅटरीचं चिन्ह लुकलुकायला लागलं.
चार्जरची पिन हातात, आणि मी थांबले.
झाकण उघडून पाहिलं. पिवळं.
पुन्हा पाहिलं. पिवळंच.
लाल दिवा लागला, स्वयंपाकघर तेवढ्यापुरतं दिसू लागलं.

अग्निशमनवाल्यांना परत घेतलं. का ते नका विचारू.
गावाचं नाव आता तरी नीट घेतात का, एवढंच ऐकायचं होतं.

दोन वाजून सोळा. काच थरथरली.
माईल अठ्ठावन्न. दोष नाही. एकूण आस, तीनशे अठ्ठ्याण्णव.
ओसिप तोंड उघडं टाकून झोपलेला.
गोळ्यांच्या पाकिटामागे आकडा लिहिला,
त्याला दोनाने भागून पाहिलं,
आणि आवाज थोडा कमी केला.