नमुना अ, नमुना ब

दोन पाकिटं. लाखेची सीलं शाबूत.
अ : दहिसर चेकनाका, तांदळाच्या गोणीखाली.
ब : मुलुंड पश्चिम, सातवा मजला,
बेडरूममधलं कपाट.
कपाटाचा पत्ता कुणी दिला नाही,
वीजबिलाने दिला.

अ उघडला की आधी धूळ येते,
तांबूस, डोंगराकडची.
दाबून वीट केलेला पाला,
त्यात काड्या, बिया, मुंगीचं अर्धं अंग,
कुठल्याशा पिसाचं टोक.
एक शेंडा भरगच्च, शेजारचा झडलेला.
त्या बाजूला सावली पडत असेल,
किंवा गाय येऊन गेली असेल.

ब मध्ये काहीच चुकलेलं नाही.
प्रत्येक तुरा दुसऱ्यासारखा,
भिंगाखाली राळेचे दाणे
दवासारखे, पण ह्याने दव पाहिलेलं नाही.
ह्याचा सूर्य बटणावर उगवायचा,
वारा तीन नंबरवर फिरायचा,
रात्र टायमरने पडायची.
वास लिंबाच्या सालीचा, थोडा डिझेलचा,
इतका धीट
की पलीकडच्या टेबलावर ऋजुताने मान वर केली.

"मॅडम, ह्यातला चांगला कुठला?"

मी तिला फॉर्म दाखवला.
वजन आहे, रंग आहे, ओलावा आहे.
चांगला, असा रकाना नाही.
मशीनने आकडा दिला, ब हा अ च्या तिप्पट.
पण आकडा म्हणजे जोर,
आणि जोर म्हणजेच दर्जा असता
तर लवंगी सोडून
बेडगी मिरची कुणी विकत घेतलीच नसती.

बरकू वाझे झाडू घेऊन आले.
निवृत्तीला चार महिने.
हात कशाला लावला नाही, नियम त्यांना माझ्याहून पाठ.
दारातूनच नाक वर करून म्हणाले,
"एक उन्हाचा आहे. दुसऱ्याला कधी वारा बाधला नाही बघा."
"मग चांगला कुठला, काका?" ऋजुता सोडेना.
"जो सोसून आलेला असतो ना, पोरी,
तो चढायला वेळ घेतो.
पण उतरतो माणसासारखा."
मग एकदम गप्प. सरकारी नोकर.

परीक्षानळीत दोन्ही जांभळे झाले.
तोच जांभळा,
जांभळं खाल्लेल्या जिभेचा.
कायद्यापुरते सख्खे भाऊ.

माझ्या खोलीला खिडकी नाही.
मशीनला बावीस अंश लागतात, तेच मला लागू पडले.
सव्वीस वर्षं ट्यूबलाइट.
हे कुणाला सांगितलं नाही,
अहवालावर तारीख घालताना नुसतं आठवलं.

संध्याकाळी कलिन्याच्या बस थांब्यावर
बाहीच्या दुमडीत एक बी सापडली.
लाव्याच्या अंड्यासारखी ठिपकेदार.
अर्थात अ ची. ब ला बिया नाहीत,
नराचा वाराच लागू दिलेला नाही त्याला.
बस सोडली. तीन जिने चढून परत वर गेले.
पाकीट बंद, लाख गार,
वजनाखाली माझी सही.
दशांशाच्या दुसऱ्या घरातली चूक.

खाली आले तेव्हा मूठ अजून मिटलेली.
कंपाउंडच्या भिंतीला एक तडा आहे,
त्यात पिंपळ येतो, पालिकेवाले तोडतात,
पुन्हा येतो.
मी तिथे किती वेळ उभी होते
आणि मग काय केलं,
ह्यालाही रकाना नाही.