ओहोटीला रेकॉर्ड केलेलं

कोरी कॅसेट आता पेडण्यात मिळत नाही, म्हापशातही नाही.
सुलक्षानं घरून सात आणल्या,
बिस्किटांच्या डब्यातून, तांदळात पुरून ठेवलेल्या.
लेबलांवर निळ्या शाईत: बहारीन, आणि साल.
यांच्यावरच घेऊया, म्हणाली.
ऐकल्यास? क्लेटसनं विचारलं.
मीठ झटकावं तसा तिनं हात झटकला.

पेटी क्लेटसच्या तारवटी मामाची, चार ट्रॅकची.
एक बटण तुटकं, तिथं आगपेटीची काडी.
आगरवाड्याच्या मिठागरात, फावड्यांच्या खोपीत
आम्ही गाणी धरायला बसायचो
जसे लोक कुर्ल्या धरायला बसतात:
विजेरी झाकून, फार न बोलता.

पहिल्या ट्रॅकवर सुलक्षा,
दुसऱ्यावर क्लेटसची गिटार, सहातल्या पाच तारा,
तिसऱ्यावर माझं घुमट.
खाऱ्या वाऱ्यानं चामडं सैल पडे, मग ते शेगडीवर धरायचं.
चौथा ट्रॅक मोकळा. तो खाडीचा, असं ठरलेलं.
मानस उघडते तेव्हा फळ्यांमधून पाणी जे काही बोलतं
ते तिथं घ्यायचं.
(मानस म्हणजे आमच्याकडे पाण्याचं दार.
पुस्तकातला मानस मला फार उशिरा कळला.)

सेल उतरले की फीत रेंगाळे.
दुसऱ्या दिवशी नवे सेल घालून ऐकलं की
आम्ही तिघंही कोवळ्या आवाजाचे,
सुलक्षा जेमतेम नऊ वर्षांची.

चौथ्या गाण्याला मानस घ्यायची राहिली.
ऐकलं तर तिथं कोणी माणूस
उलटा बोलत होता.
श्वास आधी सुटे, मग घेतला जाई.
भाषा कळेना. क्लेटसनं कपाळावर खूण केली.
मग तो माणूस खोकला,
आणि खोकला उलटा केला तरी खोकलाच.
बाबा, सुलक्षा म्हणाली.

पेटी चारही ट्रॅक एकाच दिशेनं वाचते,
मागची बाजू तिला शेवटाकडून दिसते. एवढंच.
कॅसेट उलटून आम्ही घरच्या प्लेअरवर लावली.
तिची आई ओट्यावर भिरंडं फोडत होती.
डाव्या डब्यातून बाबा, सुलटे,
उजव्यातून माझं घुमट,
प्रत्येक थाप पडायच्या आधीच गिळलेली.
मानशीची फळी बदलली मां? बाबांनी विचारलं.
बदलली, आई म्हणाली, मान वर न करता,
कोपरापर्यंत लाल. दोनदां.

उरलेल्या तीन कॅसेटी परत तांदळात गेल्या.
बाकीची गाणी आधीच्याच फितींच्या शेपटाशी, दाटीवाटीनं.
सहाव्यात कडव्यामध्ये सुलक्षा एकदम थांबते,
बराच वेळ नुसता फितीचा सळसळाट.
क्लेटसला वाटतं, तिनं बोलणाऱ्याला जागा सोडली.
ती म्हणते, डास होता.