फुलपात्राएवढा बॉयलर

वरच्या खोलीतला तन्मय
दोन महिन्यांच्या भाड्याऐवजी
हे यंत्र ठेवून हैदराबादला गेला.
"चांगलं आहे काकू. फक्त लहरी आहे."

लहरी.
एकतीस वर्षं कोराडीच्या कंट्रोल रूममध्ये
मी पाचशे चाळीस डिग्रीच्या वाफेवर डोळा ठेवला.
सुई दोन रेघा सरकली तरी फोन उचलला.
आणि आता ओट्यावर, मिक्सरला खेटून,
फुलपात्राएवढा बॉयलर,
तोही लहरी.

पहिली कॉफी कडूजहर.
दुसरी आंबट.
तिसरी मी सांडली आणि यंत्राचं झाकण उघडलं.
आत इस्त्रीत असतो तसला थर्मोस्टॅट:
पंच्याऐंशीला जागा होतो,
एकशे पाचला झोपतो,
मधल्या वाटेवर कॉफीचं काय व्हायचं ते होवो.
अशा भरवशावर आम्ही कोराडीत
चहाचं पाणीसुद्धा ठेवलं नसतं.

सीताबर्डीत खुशाल बोरकुटेकडे
कंट्रोलर मिळाला, रिले मिळाला, थर्मोकपल मिळालं.
"काहून मॅडम, अंडे उबवाची मशीन बनवून राह्यल्या का?"
"कॉफीची."
त्यानं सगळं सामान परत एकदा पाहिलं,
"एवढं?"
आणि पन्नास रुपये कमी केले,
कशाबद्दल ते कळलं नाही.

मग पंपाची स्प्रिंग ढिली केली, बारा बारवरून नऊ.
बॉयलरला सिरॅमिक लोकर गुंडाळली;
निमजेनं निरोप समारंभाच्या दिवशी दिलेला तुकडा,
शालीच्या घडीत राहिला होता.
पेंचचं पाणी आतून पांढरं कवच धरतं,
त्याला दर दोन महिन्यांनी लिंबाचं सत.
मे महिन्यात टाकीतलं पाणीच अडतीस डिग्री,
आणि कूलरच्या घरघरीत पंप ऐकू येत नाही.
तेव्हा मी यंत्रावर तळहात ठेवते.
हाताला कळतं.

आता ब्याण्णव म्हणजे ब्याण्णव.
पण बॉयलर एकच.
त्याला एका वेळी एकच जमतं:
कॉफीचं पाणी नाही तर दुधाची वाफ.
मला काळी लागते. पुरुषोत्तमला फेसाची.
माझी झाली की बटण दाबायचं,
एकशे चाळीसपर्यंत चढू द्यायचं.
दीड मिनिट.

माझी रात्रपाळी संपायची
तेव्हा त्याची सकाळची शाळा भरायची.
फाटकाशी मी आत, तो बाहेर,
डब्याची पिशवी या हातातून त्या हातात.
बावीस वर्षं आम्ही एकमेकांचा चहा
झाकण ठेवून ठेवला.

धरमपेठेतल्या दुकानात दोन बॉयलरचं यंत्र आहे.
स्टीलचं, देखणं, सव्वा लाखाचं.
"एकाच वेळी दोन्ही, मॅडम. वाट बघायची भानगडच नाही."
मी त्याचा गेज पाहिला, पाइपांची वळणं पाहिली.
काम चांगलं होतं, खोटं का बोलू.
पुरुषोत्तम म्हणाला, घेऊन टाक.
मी म्हटलं, बघू.
येताना संत्री घेतली.

त्या दीड मिनिटात तो स्वयंपाकघरात येतो,
फ्रिजला टेकून उभा राहतो,
काहीतरी सांगत असतो.
काल सांगितलं, सत्त्याण्णव साली
वर्गातल्या एका पोरानं निबंधात लिहिलं होतं
की सरांच्या बायकोमुळं गावात लाइट येते.
हे इतक्या वर्षांत कधी बोलला नव्हता.
आकडा एकशे चाळीसवर जाऊन थांबला होता,
दूध भांड्यात तसंच,
माझी काळी कॉफी निवलेली.

रात्री वही उघडली. सवय जात नाही.

६.१० – ब्याण्णव. दाब नऊ. ठीक.
६.१२ – वाफ. ठीक.
६.१९ – गॅस्केटमधून थेंब. बदलावं लागेल.
मधल्या सात मिनिटांची नोंद नाही.