कोपर

अजमानच्या सनैयात, टायरच्या गोदामामागे
आमची खोली. पलंग सात, दुमजली.
माणसं तेरा; चौदाव्या जागेवर बॅगा झोपतात.
सगळे एकाच गावचे, कारंजवणे बुद्रुक.
खुर्दवाल्यांना आम्ही खोलीत घेत नाही.

गावात वरची आळी आणि खालची आळी.
इथंही तेच,
फक्त खालच्या आळीचे वर झोपतात
आणि वरच्या आळीचे खाली.
हे कुणी ठरवलं नव्हतं, पण धोंडू भुवड म्हणतो
हा इतिहासानं उगवलेला सूड आहे,
आणि रात्री मुद्दाम धाडकन कूस बदलतो.

यंदा निवडणूक लागली:
कारंजवणे ग्रामविकास मंडळ, आखाती शाखा.
सभासद तेरा, पदं अकरा.
उरलेल्या दोघांना सल्लागार म्हणायचं ठरलं,
उगाच कुणी रुसायला नको.
पण अध्यक्ष एकच असतो. तिथं घोडं पेंड खातं.

खालच्या पलंगांचा बाबल्या रेवाळे, निशाणी हेल्मेट.
वरच्यांचा धोंडू, निशाणी कुकर.
जाहीरनामे कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजूला:
स्मशानाला पत्र्याची शेड,
एसटी थांब्याला बाक,
तळ्यातला गाळ.
दोन वर्षांतून एकदा गावी जाणारी माणसं
इथून गाळ उपसत होती.
बाथरूमच्या नळाला चार दिवस पाणी नव्हतं.
बाबल्या म्हणाला, तो स्थानिक प्रश्न आहे.

धोंडू गच्चीवर भाषणाचा सराव करी.
शेजारच्या खोलीतला पेशावरचा गुलझमान
एक अक्षर न कळता टाळ्या पिटायचा.
धोंडू त्याला कार्यकर्ता म्हणू लागला.

सहा वर, सहा खाली,
आणि बॅगांखाली मी.
गावातही माझं घर देवळामागे,
दोन्ही आळ्या जिथं भेटतात
आणि दोन्हींचं सांडपाणी.

नऊ दिवस मी राजा होतो.
बाथरूमला पहिला नंबर, चहा अंथरुणात.
बाबल्यानं माझे मोजे धुतले.
स्वतःचे धुताना त्याला कुणी पाहिलेलं नाही.
धोंडूनं विचारलं, आई कशी आहे?
सहा वर्षांत पहिल्यांदा.
मी म्हणायचो, विचार करतोय.
विचार कसला, नुसता चेहरा तसा ठेवायचा.
तो जमला की राजकारण सोपं असतं.

शुक्रवारी मतदान. मतपेटी खजुराचा डबा.
लियाकत परकार निवडणूक अधिकारी,
कारण शिट्टी त्याच्याकडे होती.
मत गुप्त असतं, मी कुणाला दिलं ते सांगणार नाही.
धोंडू सात, बाबल्या सहा.

शनिवारी चहा बंद. दोन्हीकडून.

महिन्याभरात गावच्या थांब्यावर फ्लेक्स चढला, दहा बाय आठ.
मागं तो उंच मनोरा, जो धोंडूनं
कंपनीच्या बसमधून एकदा पाहिलाय, तोही डुलकी मोडून.
पुढं धोंडू: काळा गॉगल, लियाकतचा कोट,
आणि खाली 'आखाताचा वाघ'.
फोटो आमच्या गच्चीवरचा. त्यात आम्ही तेराजण होतो.
रत्नागिरीच्या पोरानं बाराजण कापले,
सफाईनं, पण घाईत.

रात्री आईचा फोन.
"अरे, धोंडूच्या खांद्यापाशी कुणाचं तरी कोपर आहे.
त्यावर पांढरा वण.
पेरूवरनं पडलास तेव्हाचा ना?"
मी म्हटलं, असेल.
"चांगलं आलंय," म्हणाली.
"काल पाण्याच्या बायकांना दाखवलं.
धोंडूच्या आईसुद्धा होती."

बाबल्या पलीकडे जागाच होता.
भिंतीकडे तोंड करून म्हणाला,
आमचं तर नखही नाही राहिलं.

उन्हाळा पन्नाशीला टेकलाय.
साइटवर पूर्ण बाहीचा नियम आहे, चांगला आहे.
खोलीत शिरलो की चपला काढायच्याही आधी
मी बाह्या दुमडतो.